कंपनी आवडते हे सांगायला लाजायचं कशाला?

वाचकांचे प्रश्न, ताईची उत्तरं

नोकरीला वैतागलेल्यांचे मेल दर महिन्याला येतातच, यावेळी मात्र एका मुलाने नोकरी आवडते म्हणून मेल केलाय आणि त्याचंच त्याला टेन्शन आलंय. मला तो मेल इतका आवडला की यावेळची बरीचशी जागा त्यालाच दिलीय. बाकीचे तीन प्रश्न पण त्याच विषयाच्या आसपासचे होते म्हणून सोबत घेतले.

प्रश्न : ताई नमस्कार. मी मूळचा उदगीरचा, इंजिनिअरिंग नांदेडला केलं आणि मागच्या वर्षी ऑफ कॅम्पस (म्हणजे कॉलेजबाहेरून अर्ज करून) मायक्रोसॉफ्टला लागलो, हैदराबादला असतो. ताई मला ऑफिसला जायला खरंच आवडतं, सोमवारी पण. मी केलेला एक छोटासा बदल जगभरातल्या मशीन्सवर गेला त्या दिवशी आनंदाने रात्रभर झोप नाही लागली. पण रूमवरचे तिघं (सगळे आयटीतलेच, वेगवेगळ्या कंपन्यांत) म्हणतात नवा नवा आहेस, दोन अप्रेझल होऊ दे मग बोलू, आणि कंपनीचा टीशर्ट घातला की भक्त भक्त म्हणून चिडवतात. बाबा शाळेत शिक्षक आहेत, ते म्हणतात प्रायव्हेट नोकरीत एवढा जीव लावू नये, उद्या काढून टाकतील. आणि ते काही खोटं नाही, २०२५ मध्ये आमच्याच कंपनीने मे महिन्यात सहा हजार आणि जुलैमध्ये नऊ हजारच्या आसपास माणसं कमी केली हे मी पण वाचलंय. आता मला कळेनासं झालंय, माझा उत्साह भाबडा आहे का? थोडा कमी करू का?
– हैदराबादहून एक वाचक

उत्तर : अरे कमी कशाला करायचा? एवढं मनापासून आवडणारं काम विशीत मिळणं हे किती जणांच्या नशिबात असतं सांग बघू.

तुझा मेल मी परत परत वाचला तो एवढ्याचसाठी की तुझा जीव नेमका कशात अडकलाय ते बघावं. कंपनी म्हणजे माझं घर, कंपनी माझं बघून घेईल असलं काही तू लिहिलं असतंस तर मी बाबांच्या बाजूने बोलले असते. तसं तू कुठेच लिहिलेलं नाहीस. तू लिहिलंयस ते केलेल्या कामाबद्दल, मी केलेला बदल लोकांपर्यंत पोचला आणि मला झोप लागली नाही. हा आनंद शंभर टक्के खरा आहे, मी तो अनुभवलाय. मी एका मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीत (नाव इथे नको) भारतीय भाषांच्या टेस्टिंगला होते, तिथे एका सेटअपच्या खिडकीत खाली दोन बटणं होती, मागे आणि पुढे. बटणाची उंची इंग्रजी अक्षरांच्या मापाने ठेवलेली त्यामुळे 'पुढे'चा उकार खालून कापला जायचा आणि स्क्रीनवर चक्क 'पढे' दिसायचं. बग म्हणून चूक नोंदवली तर डेव्हलपर म्हणाला मला तर दोन्ही सेमच दिसतंय, तो तमिळ होता, मराठी वाचता येत नव्हतं त्याला. मग मी कागदावर दोन्ही शब्द मोठे काढून नेले, उकार कुठे असतो आणि तो गेला की वाचणाऱ्याला काय वाटतं ते सांगितलं, तसा तो खुर्ची ओढून तिथेच बसला आणि नुसतं ते एक बटण नाही तर सगळ्या खिडक्यांमधली बटणं तपासायला लागला. संध्याकाळच्या बिल्डमध्ये, म्हणजे नव्याने तयार झालेल्या आवृत्तीत, 'पुढे' अगदी पुढेच दिसलं. चार पिक्सेलचा खेळ, पण सोलापूरच्या कुठल्यातरी सायबर कॅफेत कुणीतरी ते बटण दाबणार आहे आणि त्याला ते आपल्या भाषेत नीट दिसणार आहे ह्या विचाराने मी घरी उड्या मारत गेले होते. त्यामुळे तुझी झोप का उडाली ते मला समजावून सांगायची गरजच नाही.

तुझ्या कंपनीत तर असल्या कामाला तोटा नाही. दरवर्षी हॅकॅथॉन होते ना तुमच्याकडे, २०१४ पासून, त्या आठवड्यात रोजचं काम बाजूला ठेवून कुणी पण काही पण करून बघायचं? त्यातनंच सुरू झालेल्या कामातून पुढे एक्सबॉक्स ह्या तुमच्या गेमिंग मशीनचा ॲडॅप्टिव्ह कंट्रोलर आला, २०१८ मध्ये. ज्यांचे हात नेहमीसारखे चालत नाहीत त्यांना पण गेम खेळता यावं म्हणून. वर तळहाताने दाबता येतील अशी दोन मोठी बटणं, आणि मागच्या बाजूला ओळीने १९ जॅक, म्हणजे ज्याला पायाने दाबायचंय त्याने पायाचं बटण जोडावं, ज्याला कोपराने त्याने कोपराचं. पण मला सगळ्यात भारी वाटतं ते त्याचं खोकं. डिझाइन करताना त्यांच्या लक्षात आलं की हात नीट चालत नसलेली माणसं पार्सल दातांनी फोडतात, मग त्यांनी ठरवलं की हे खोकं उघडताना दात लागता कामा नयेत, आणि चिकटपट्टीला, झाकणाला, आतल्या वस्तूला जागोजागी कापडी लूप लावले, त्यात काहीही अडकवून ओढलं की उघडतं. खोक्यासाठी एवढा विचार! जो माणूस महिनोन्महिने त्या लूपवर काम करतो त्याला तुझ्या रूमवरचे काय म्हणतील, भक्त? मी तर म्हणेन त्याला त्याचं काम कुणासाठी आहे ते पक्कं माहीत होतं. तसाच तो साकिब शेख, सातव्या वर्षी दृष्टी गेली, तुमच्याच कंपनीत इंजिनिअर झाला आणि टीमसोबत सीइंग एआय नावाचं ॲप केलं, २०१७ ला आलं ते, फोन समोर धरला की कागदावरचं वाचून दाखवतं, समोर कोण आहे ते सांगतं. स्वतःला रोज लागणारी गोष्ट स्वतःच बनवायची आणि ती लाखो लोकांना द्यायची, ह्याच्यापेक्षा मोठं काय असतं नोकरीत मला माहीत नाही.

आता बाबांचं. त्यांच्याशी वाद नको घालूस, त्यांना दाखव. शिक्षक आहेत म्हणजे प्रश्नपत्रिका, दाखले, काहीतरी मराठीत टाइप करतच असतील. पुढच्या वेळी घरी गेलास की त्यांच्या शेजारी बसून फॉन्टच्या यादीतला 'मंगल' दाखव आणि सांग की हा फॉन्ट र. कृ. जोशींनी घडवलाय, आपले सुलेखनकार, कवी, आयआयटी मुंबईला आयडीसी ह्या डिझाइन विभागात शिकवायचे. विंडोज २००० आली तेव्हा देवनागरी पहिल्यांदा त्यात मुळातूनच आली आणि तिच्याबरोबर हा मंगल. त्याच्या आधी आपल्याकडे काय व्हायचं ते बाबांना चांगलं आठवत असेल, एका मशीनवर टाइप केलेली फाइल दुसऱ्या मशीनवर उघडली की नुसती चिन्हांची रांगोळी, कारण दोन्हीकडे फॉन्ट वेगळे. एवढ्या लांबच्या अमेरिकन कंपनीच्या आत कुणीतरी बसून जोडाक्षरं कशी जुळायला पाहिजेत, पहिली वेलांटी अक्षराच्या आधी दिसते पण टाइप नंतर होते ह्याच्यावर डोकं घातलं तेव्हा कुठे शाळेचा दाखला मराठीत सरळ छापता यायला लागला. बाबांना हे कळलं की तुझं काम म्हणजे नुसती प्रायव्हेट नोकरी राहणार नाही त्यांच्यासाठी.

पण त्यांची भीती पण खरी आहे आणि तिच्यावर मी पांघरूण घालणार नाही. तुझ्या कंपनीने पहिल्यांदा मोठी कपात जाहीर केली ती २००९ च्या जानेवारीत, पाच हजारांपर्यंत. मग २०१४ ला १८ हजार, त्यात नोकियाकडून आलेले बरेच होते, मग २०२३ ला १० हजार, आणि २०२५ चं तर तूच लिहिलंयस. ह्यात नुसती कामचुकार माणसं गेली असं कुणी म्हणत असेल तर ते साफ चूक आहे, अख्खे प्रॉडक्ट बंद झाले की त्यावर जीव ओतणारे पण जातात. तुझा उत्साह तुला ह्यातून वाचवणार नाही हे आजच पक्कं समजून घे. म्हणजे उद्या तसं काही झालंच तर मी कुठे कमी पडलो असं स्वतःला खात बसणार नाहीस. मी जवळून बघितलीत अशी माणसं, नोकरी सहा महिन्यांत दुसरी मिळाली पण मनातली ती टोचणी कितीतरी वर्षं गेली नाही.

आणि एक लक्षात ठेव, उत्साहाला तासांनी मोजायला लागलं की तो संपतो. बिल गेट्सने स्वतः एका मुलाखतीत सांगितलंय की सुरुवातीच्या काळात त्याला सगळ्यांच्या गाडीचे नंबर पाठ होते, पार्किंगमध्ये बघितलं की कळायचं कोण कधी आलं कोण कधी गेलं, आणि माणसं वाढल्यावर त्याला ते सोडावं लागलं. १९७५ ला तो आणि पॉल ॲलन ॲल्बकर्कीमध्ये दोघांनी सुरू केलेली कंपनी, त्यांची ती स्वतःची होती, त्यांनी तिथे रात्री काढल्या ते ठीक. तुझा हिस्सा किती आहे ते बघून तू रात्री काढ. दुसरं असंच मोजमाप म्हणजे तुमच्या कंपनीतली जुनी रेटिंगची पद्धत, टीममधल्या काही जणांना वर आणि काही जणांना खाली टाकायचंच, सगळी टीम भारी असली तरी. त्याने काय व्हायचं, हुशार माणसं एकमेकांना मदत करायला कचरायची, कारण शेजाऱ्याचं चांगलं झालं की आपला नंबर खाली. २०१३ च्या नोव्हेंबरमध्ये कंपनीने ती पद्धत बंद केली, आणि नंतर फेब्रुवारी २०१४ ला सत्या नडेला आले (ते पण मूळ हैदराबादचे, तुला तर तिथे रोज कुणी ना कुणी सांगत असेल). मला विचारशील तर उत्साह मारायचा असेल तर असल्या रेटिंगपेक्षा खात्रीचा उपाय नाही, आणि जिथे कुठे अजून असलं काही चालू असेल तिथल्या लोकांनी ते बोलून दाखवलं पाहिजे.

पैशाचं थोडक्यात सांगते, पण हे नीट वाच. तुला शेअर्स मिळत असतील ते हळूहळू तुझ्या नावावर होत जातील. पगार तिथून, शेअर तिथले, म्हणजे सगळी अंडी एकाच टोपलीत. १९९९ च्या शेवटी ह्या शेअरचा जो भाव होता तो परत दिसायला २०१६ उजाडलं होतं, तोपर्यंत किती जणांची घराची गणितं बिघडली असतील. तेव्हा आवडतं म्हणून सगळे धरून बसू नकोस, थोडे विकून दुसरीकडे लाव. आणि परदेशातले शेअर असल्यामुळे इन्कम टॅक्सचं रिटर्न भरताना शेड्यूल एफएमध्ये (परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात) दाखवावे लागतात ते विसरू नकोस, नवीन मुलं हमखास विसरतात. चांगला सीए धर.

रूमवरच्यांशी कंपनीबद्दल बोलणं बंद कर आणि कामाबद्दल बोलायला लाग. टीशर्ट दाखवला की लोक चिडवतात, पण एखादा बग कसा सापडला त्याची गोष्ट सांगितली की तेच तिघं उठून बसतील बघ, कारण ते पण इंजिनिअर आहेत आणि त्यांच्याकडे पण अशा गोष्टी आहेत फक्त त्यांना कुणी विचारलेल्या नाहीत. तूच विचार. आणि दोन अप्रेझलनंतर उत्साह जातोच असं काही नसतं. तुमच्याकडचेच डेव्ह कटलर बघ, १९८८ ला आले, त्यांच्या टीमने विंडोज एनटी उभी केली जी १९९३ ला बाहेर आली आणि आज जगात चालणारी विंडोज त्याच पायावर आहे. हा माणूस वयाची ८० ओलांडल्यावर पण कोड लिहीत होता. त्या काळात ती टीम अर्धवट तयार असलेल्या एनटीवरच स्वतःचं रोजचं काम करायची, म्हणजे आपण केलेलं जे काही वाकडंतिकडं आहे त्याचा त्रास आधी आपल्याला व्हायचा. तुमच्याकडे अजून त्याला डॉगफूड म्हणतात (आपण बनवलेलं कुत्र्याचं खाणं आधी आपणच खायचं, ह्या अर्थी), तिथले अधिकारी पॉल मारिट्झ ह्यांच्या १९८८ च्या एका मेलपासून. तू पण तुझ्या टीमचं प्रॉडक्ट स्वतःच्या लॅपटॉपवर रोज वापर, रिलीज व्हायच्या आधीचं. जे खटकेल ते लिहून ठेव. उत्साह टिकवायचा दुसरा उपाय मला तरी माहीत नाही.

प्रश्न : ताई, मी मिरजेची. माझी मुलगी अमेरिकेत रेडमंडला मायक्रोसॉफ्टमध्ये आहे, क्लाउडच्या कामात. तिला फोन केला की फक्त ऑफिसच, हा प्रोजेक्ट तो प्रोजेक्ट, ऐकून छान वाटतं पण परवा दुपारी अडीचला तिचा मेसेज आला, काम चाललंय नंतर बोलते. मी हिशोब केला तर तिथे रात्रीचे दोन वाजले होते. ती म्हणते मला आवडतं आई, ऑन कॉल आहे. ही आवड आहे की व्यसन?
– एक आई

उत्तर : काकू, आधी ऑन कॉल म्हणजे काय ते सांगते म्हणजे निम्मी काळजी जाईल. क्लाउड म्हणजे मोठमोठ्या इमारतींमध्ये ठेवलेली हजारो मशीन्स, २०१५ पासून आपल्या पुण्यात पण आहेत त्यांची, आणि त्याच्यावर बँका, हॉस्पिटलं, विमान कंपन्या सगळं चालतं. ते रात्री बंद करता येत नाही. म्हणून टीममधल्या एकेकाला पाळीपाळीने जबाबदारी देतात, त्या दिवसांत मध्यरात्री जरी काही बिघडलं तरी फोन त्याच माणसाला जातो. हॉस्पिटलातल्या डॉक्टरांची नाइट ड्यूटी असते ना तसंच. तेव्हा त्या रात्री दोनला ती जागी होती ह्यात वावगं काहीच नाही, उलट अडकलेलं काहीतरी तिने सोडवलं असेल.

आता तुम्ही तिला काय विचारायचं ते सांगते. जेवलीस का हे तर विचाराच, पण पुढच्या आठवड्यात कुणाची पाळी आहे हे पण विचारा. दुसऱ्या कुणाचं नाव पटकन आलं तर निवांत रहा. दर वेळी मीच, मला जमतं म्हणून, असं उत्तर आलं तर मात्र तिला सांगा की टीम लीडशी बोल, कारण कंपनीला त्यात फायदाच असतो, थांबवायला तिथे कुणी येणार नाही, आईनेच बोलायला पाहिजे. आणि ती एच वन बी व्हिसावर असेल तर अजून एक गोष्ट आहे जी ती तुम्हाला कधीच सांगणार नाही. नोकरी गेली तर तिथे राहून दुसरी शोधायला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. त्यामुळे तिथली मुलं कधीकधी आवडीने जास्त काम करतात आणि कधीकधी भीतीने, आणि दोन्ही बाहेरून सारखंच दिसतं. तिला सरळ विचारा, ह्यातलं कुठलं आहे. मुली आईला खरं सांगतात, जरा उशिरा पण सांगतात. काही महिन्यांच्या खर्चाचे पैसे वेगळे काढून ठेवलेत का हेही विचारा, कारण पैसे बाजूला असले की ती भीती बरीच कमी होते. बाकी सिॲटलच्या आसपास मराठी माणसं भरपूर आहेत, गणपती होतो, नाटकं होतात, तिला म्हणावं एखाद्या तालमीला जाऊन बस, तेवढा एक तास तरी लॅपटॉप बंद राहील.

प्रश्न : ताई तुम्ही मागे पण प्रॉडक्ट कंपन्यांबद्दल (स्वतःचं सॉफ्टवेअर बनवून विकणाऱ्या) लिहिलं होतं. आम्ही हिंजवडीचे सर्व्हिस कंपनीवाले, म्हणजे दुसऱ्यांची सॉफ्टवेअर कामं करणारे, चाळिशीकडे झुकलेलो, बँकेच्या सॉफ्टवेअरचा सपोर्ट करतो, तिकीट म्हणजे तक्रारीची नोंद आली की सोडवा, बंद करा, पुढचं. आमच्यासारख्यांना तो उत्साह कुठून आणायचा? की तो फक्त भारी कंपनीत असणाऱ्यांसाठी असतो?
– पुण्याहून एक वाचक

उत्तर : तुमचा प्रश्न वाचून मला वाईट वाटलं, कारण तुम्ही आयुष्याची इतकी वर्षं जे काम केलंत त्याला तुम्ही स्वतःच कमी लेखताय. भारी कंपनी म्हणजे काय हो? इन्फोसिस सुरू कुठे झाली, पुण्यातच ना, १९८१ ला, सात जण आणि सुधा मूर्तींकडून उसने घेतलेले दहा हजार रुपये. टीसीएस १९६८ पासून मुंबईची. पासपोर्ट काढायला पूर्वी किती हेलपाटे घालायला लागायचे आठवतंय का, आज पासपोर्ट सेवा केंद्रात टोकन घेऊन आपण तासाभरात बाहेर पडतो, त्याच्यामागे टीसीएसच्या लोकांचं काम आहे. जीएसटी १ जुलै २०१७ ला लागू झाला, त्याचं पोर्टल इन्फोसिसने केलेलं, सुरुवातीला त्यावरून व्यापाऱ्यांनी किती आरडाओरडा केला, आणि तेव्हा रात्र रात्र बसून ते सुरळीत करणारी माणसं तुमच्यासारखीच सपोर्टवाली होती. देशभरातल्या कितीतरी बँका इन्फोसिसच्याच फिनॅकल ह्या सॉफ्टवेअरवर चालतात. अहो ही सगळी सर्व्हिसवाल्यांचीच कामं आहेत.

खरी अडचण मला वेगळी दिसते. रेडमंडमधला माणूस स्वतःचं प्रॉडक्ट घरी पण वापरतो, त्यामुळे त्याला वापरणारा दिसतो. तुम्हाला दिसतो फक्त तिकीट नंबर. तिकिटावर लिहिलेलं असतं बॅच फेल्ड, प्रायॉरिटी टू. त्याच्या दुसऱ्या टोकाला कोण आहे ते कुणी सांगतच नाही. रात्रीची बॅच, म्हणजे बँकेचे व्यवहार एकगठ्ठा पुरे करणारं काम, अडकली तर सकाळी दहाला पेन्शन जमा झाली का बघायला आलेले आजोबा पासबुक घेऊन मशीनसमोर उभे असतात आणि मशीन काहीच छापत नाही, शिपाई म्हणतो उद्या या. ते आजोबा म्हणजे तुमचं तिकीट. तर एक करा, तुम्ही ज्या बँकेचं काम बघता तिची एखादी ब्रँच तुमच्या घराजवळ असेलच, महिन्याच्या पहिल्या आठवड्यात तिथे अर्धा तास जाऊन बसा. काम असल्यासारखं बसा, कुणाला काही सांगू नका, फक्त लोक काउंटरवर काय विचारतात ते ऐका. आणि नंतर तुमच्या ज्युनिअरना घेऊन जा. टीमच्या मीटिंगमध्ये किती तिकिटं बंद केली हे तर सांगावंच लागतं, त्यासोबत एखाद्या तिकिटाने नेमकं कुणाचं अडलेलं काम झालं हे पण सांगायला सुरुवात करा, मॅनेजरने विचारलं नसलं तरी. तेच तिकीट वर्षात पाचदा येत असेल तर त्याचं मूळ शोधून ते कायमचं बंद करायचा प्रस्ताव लिहून द्या. सपोर्टच्या माणसाला सिस्टीम जेवढी माहीत असते तेवढी ती लिहिणाऱ्याला पण नसते, हे मी टेस्टिंगमध्ये राहून खात्रीने सांगते. तुमची चाळिशी ही इथे तुमची ताकद आहे.

प्रश्न : ताई मी अमरावतीला थर्ड इयरला आहे. मला मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीत जायचंय, लहानपणापासूनचं स्वप्न आहे. इंटरव्ह्यूमध्ये उत्साह कसा दाखवायचा? ऐकलंय की ते गटाराचं झाकण गोल का असतं असलं काहीतरी विचारतात.
– एक विद्यार्थिनी

उत्तर : ते झाकणाचे प्रश्न जुने झाले गं, मायक्रोसॉफ्ट त्यासाठी एकेकाळी प्रसिद्ध होती, आता त्याच्यामागे वेळ घालवू नकोस. आता कोडिंग विचारतात, तू कसा विचार करतेस ते बघतात, डेटा स्ट्रक्चर पक्के कर, ते करावंच लागेल.

आणि उत्साह दाखवायचा नसतो, पुरावा द्यायचा असतो. लहानपणापासून स्वप्न होतं हे समोरच्याने त्या दिवशी चार जणांकडून ऐकलेलं असतं. त्याऐवजी आजच एक काम सुरू कर. तू व्हीएस कोड, मायक्रोसॉफ्टचा कोड लिहायचा एडिटर, वापरतच असशील, कॉलेजमध्ये सगळेच वापरतात, त्याचा सोर्स कोड गिटहब ह्या साइटवर सगळ्यांसाठी उघडा आहे. म्हणजे त्या कंपनीचे इंजिनिअर एकमेकांशी कामाबद्दल कसं बोलतात, कुठला बग का नाकारतात, कुठल्या बदलावर आठवडाभर भांडतात हे तू अमरावतीत बसून वाचू शकतेस, आमच्या वेळी ह्यासाठी आम्ही काय वाट्टेल ते दिलं असतं. रोज थोडं वाच. 'गुड फर्स्ट इश्यू' असं लेबल लावलेले सोपे इश्यू (नोंदवलेल्या अडचणी) असतात त्यातला एक उचल, मराठी टाइप करताना काही खटकलं तर तो बग तूच नोंदव, कारण तो तुझ्याशिवाय तिथे कुणाला दिसणारच नाही कदाचित. बदल पाठवलास की आधी एक करार मान्य करायला लागतो, घाबरू नकोस, वाच आणि कर. मग कुणीतरी अनोळखी माणूस तुझ्या चार ओळींवर दहा शंका काढेल, तेव्हा रडू येईल, येऊ दे, दुसऱ्या दिवशी शांतपणे एकेक उत्तर दे. घेतला गेला तर रिलीज नोट्समध्ये मदत करणाऱ्या बाहेरच्या लोकांची नावं देतात त्यात तुझं नाव येईल, ते इंटरव्ह्यूमध्ये दाखव. आणि नाही घेतला तरी इंटरव्ह्यूमध्ये तोच सांग, काय पाठवलं, त्यांनी का नाकारलं, आणि आता परत केलं तर कसं करशील. एवढं नीट सांगता आलं तर उत्साह आहे का हे विचारायची वेळच कुणावर येणार नाही.

पहिला बदल पाठवलास की मला मेल कर, आणि त्यावर तिकडून काय शंका आल्या त्या पण लिही, आपण मिळून बघू.